बसलो खरा, पण बोलता येईना

ऐका ना मित्रांनो, मधे कुणी काही विचारू नका, नुसतं ऐका. डबीचं झाकण आत्ता अर्धं उघडं आहे, ते कधी लागेल सांगता येत नाही. म्हणून मला घाई आहे.

मी एक जुनं वायफाय कार्ड आहे. खारी बिस्किटाचा तुकडा असावा, एवढाच माझा जीव. एका कडेला सोनेरी दात, दातांत एक खाच आणि डोक्यावर दोन बारीक बटणं, तिथे दोन वायरी लावतात. हवेतल्या लाटा पकडायच्या आणि कॉम्प्युटरला सांगायच्या, हे माझं काम. पण माझ्यात एक गोम आहे, ती आधीच सांगून टाकतो. माझं डोकं अर्धंच आहे! म्हणजे लाटा मी पकडतो, पण त्यांचा अर्थ लावणारं उरलेलं अर्धं डोकं कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडे असतं. कारखान्यात आम्हाला घडवतातच तसं. ज्या घराण्याचा प्रोसेसर, त्याच घराण्याचं कार्ड. दोघं मिळून एक.

अलिबागच्या एका वकीलबाईंच्या लॅपटॉपमध्ये माझी सुखाची वर्षं गेली. कोर्टाच्या तारखा मी आणायचो. बाईंची मुलगी लांब शिकायला होती, तिचा चेहरा मी आणायचो. कॉल न तुटता संपला की बाई लॅपटॉपवर थाप मारायच्या, "शाब्बास रे बाबा!" त्यांना वाटायचं, आपण लॅपटॉपला म्हणतोय, पण ती थाप मलाच लागायची, खरंच. मग एकदा रो-रो बोटीवर शेजारच्या माणसाचा चहा थेट कीबोर्डवर सांडला. लॅपटॉप संपला, मी तेवढा वाचलो. जुन्या सामानाच्या एका दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकत राहिलो.

आणि मग आली भाविका.

भाविका उरणजवळच्या गावातली. तिचे बाबा धर्मा न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतात. पोरीला छोटे छोटे कॉम्प्युटर स्वतः जोडायचा नाद. आणि तिला पहिलं खरं काम मिळालेलं, किहीमच्या मनुआत्याचं. आत्याची नारळाच्या वाडीत पाहुण्यांसाठी कॉटेजं आहेत. तिला हवा होता फळीवर मावेल एवढा कॉम्प्युटर. राउटर वाडीपलीकडे, स्वयंपाकघरात, म्हणून वायफाय पाहिजेच. वर तिची अट, "बाहेर काय पण लोंबता कामा न्हाय. पाहुण्यांची पोरं खेचतात. गेल्या मोसमात एकानं पेन ड्राइव्ह खेचून विहिरीत टाकला!"

हे काम जमलं तर किहीमचे बाकीचे कॉटेजवाले रांगेत होते. नाही जमलं तर बंदराच्या कंटेनर यार्डात नोकरी. बाबांनी शब्द टाकून ठेवलेला. जुन्या कंटेनरला खिडकी पाडून केलेली केबिन, आत बसायचं आणि दिवसभर गाड्यांचे नंबर टिपायचे. भाविका म्हणायची, "त्या पत्र्यात मी गुदमरून मरेन गो आई."

तिनं निवडलेला कॉम्प्युटरचा डब्बा मात्र छान होता हं, दोन नारळ ठेवले की भरला. मोठं कार्ड उभं राहायला आत उंचीच नाही, म्हणून माझ्यासारखं चपटंच हवं. तिनं दुकानात मला उचललं, घरी आणून बोर्डावरच्या जागेत सरकवलं, खाच बरोब्बर जुळली. खट्!

"बघा बाबा, बसला!"

धर्मा खूश. "बसला ना? मंग झाला. गो, आपल्या धंद्यात काय असतंय? चारी कोपरे बसले, लॉक फिरला, डबा आपला. चीनचा असो, जर्मनीचा असो, ट्रेलर इचारत न्हाय."

लहानपणापासून भाविकानं हेच पाहिलेलं. कुठल्याही देशाचा कंटेनर कुठल्याही ट्रेलरवर बसतो. म्हणून तिनं प्रोसेसर कुठल्या घराण्याचा, ते पाहिलंच नाही. स्क्रू आवळला. दोन वायरी माझ्या डोक्यावर दाबल्या, त्यांच्या टोकाच्या अँटेनाच्या पट्ट्या डब्ब्याच्या पुढच्या प्लॅस्टिकमागे चिकटवल्या. झाकण लागलं.

वीज आली, मित्रांनो! पंखा फिरला! आणि लाटा... शेजारच्या घरचा राउटर, रस्त्यानं जाणारे मोबाइल, सगळं माझ्या अंगावर येऊन आदळायला लागलं. मी प्रोसेसरला हाक मारली. तो गप्प. परत मारली. तो दुसऱ्या घराण्याचा होता हो! त्याला मी आहे हेच कळेना. वाईट होता असं नाही, बिचारा आपलं काम करत होता, पण त्याच्या लेखी माझी जागा रिकामी होती.

स्क्रीनवर आलं, वायफाय उपलब्ध नाही.

तुम्हाला कसं सांगू? खोली माणसांनी भरलेली आहे, सगळी तुमच्याशी बोलतायत, आणि तुमच्या तोंडावर कुणी हात दाबून धरलाय. तसं. हलू म्हटलं तर स्क्रू. भाविका रोज झाकण काढायची, मला पुसायची, पुन्हा दाबायची, पुन्हा झाकण. "बसलंय तर मग चालत का नाही रे?" ती डोळे पुसत विचारायची. आणि मी आत ओरडत असायचो, अगं, बसलोय म्हणूनच अडकलोय ना!

एकदा जेवताना धर्मा तिला हसवायला गोष्ट सांगायला लागले. "तो कोळंबीचा डबा सांगितलाय का तुला? थंड ठेवायचा डबा. लॉक झकास बसला. पन ट्रेलरवर जनरेटरच न्हाय! थंड कोन करनार? गेटवर दार उघडला आनि गेटवाला जो पळाला, चप्पल टाकून पळाला!"

सगळे हसले. भाविका हसली नाही. घास तसाच हातात.

"बाबा... लॉक बसला होता, पण खालून मिळायला हवं ते मिळतच नव्हतं."

हात धुवायलाही थांबली नाही, डाव्या हातानं मोबाइलवर माझा मॉडेल नंबर टाकला. वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "ह्याचं अर्धं काम प्रोसेसरनं करायचंय. आपला प्रोसेसर वेगळा. हे ह्यात कधीच चालणार नाही. अख्खं कार्ड पाहिजे, सगळं स्वतःचं स्वतः करणारं." पण अख्खं कार्ड मुंबईहून यायचं होतं, आणि आत्याकडे डब्बा दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता.

तिचा भाऊ प्रणय म्हणाला, "एवढं काय रडतेस? ह्याला राहू दे आत. मागं वायफायचा बारका डोंगल खोच. आत्याला काय कळतंय? विचारलं तर सांग, आत कार्ड हाय. खोटं कुठंय?"

ऐकलंत ना, मित्रांनो? म्हणजे मी जन्मभर आत, मुका, स्क्रूखाली, आणि माझ्या नावावर भलताच बोलणार! भाविकानं डब्बा आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "पोरं डोंगल खेचतील. आणि विहिरीत माझं नाव जाईल."

दुसऱ्या दिवशी किहीमला जाऊन तिनं ओसरीवर डब्बा ठेवला आणि एका दमात सांगितलं, "आत्या, हा चालत नाही. मी कार्ड चुकीचं निवडलं. बसलं, म्हणून घेतलं. आता अख्खं कार्ड मुंबईहून मागवते."

मनुआत्या नारळ सोलत होती. कोयता थांबला. "बसला म्हणून घेतला? अगं, उद्या नवरा पण तसाच घेशील!" मग डब्ब्याकडे, मग पोरीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पाहुणे आल्यावर मी काय नाचू त्यांच्यापुढं? आण तुझा तो अख्खा. पन माझ्या डोळ्यांसमोर उघडायचा. आनि या वेळी चुकलीस तर अलिबागच्या दुकानात जाईन, सांगून ठेवते."

नवं कार्ड आलं. भाविकानं त्याच ओसरीवर स्क्रू सोडला, मला बाहेर काढलं. त्या जागेत ते बसलं, खट्, अगदी माझ्यासारखंच. वीज आली आणि ते नि प्रोसेसर एकमेकांशी बोलायलाच लागले हो! स्क्रीनवर वाडीपलीकडच्या राउटरचं नाव आलं. आत्या शेजारणीला हाका मारत सुटली, "अगं बायजा, ये, ये, वायर न्हाय काय न्हाय, बघ!" बायजाबाईंची पण कॉटेजं आहेत. तिथेच त्यांनी भाविकाला विचारलं, "मला कधी देतेस?" यार्डातली केबिन टळली एकदाची.

भाविका सुटली. आणि मी? बाबांच्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत. पत्र्याची डबी, घट्ट झाकण, आत एक लाट फिरकत नाही. ती मला टाकत नाही, म्हणते, "ह्याचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. ह्याच्या घराण्याचा बोर्ड मिळाला की लावीन." पण कधी? म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला दाबून बसवण्याआधी जरा विचारा, ज्याच्याशी जोडताय त्याच्याशी आमचं जमतं का?

आज निकेत आलाय, भाविकाचा मित्र. त्यालाही छोटा कॉम्प्युटर जोडायचाय. भाविकानं डबी उघडून मला दाखवलं. "आधी तुझा प्रोसेसर कुठला ते सांग."

"आठवत नाही गं. दे ना! खाच तर तीच दिसतेय, बसेल."

"बसेल रे. बोलेल का?"

तो हसतोय. हात पुढे करून उभा आहे. भाविकाचा अंगठा झाकणावर आहे. आणि खरं सांगू? मला सगळं माहीत असूनही जावंसं वाटतंय. तिथे मुका राहीन, पण वीज तरी अंगात येईल, लाटा तरी कानावर पडतील. इथे आशा आहे, पण अंधार आहे.

तुम्ही सांगा ना मित्रांनो, तुम्ही माझ्या जागी असता तर काय मागितलं असतं, त्याचा हात की हे झाकण?