चिंचेचं बुटुक

गोळी गिळताना लोक देवाचं नाव घेतात. मी पुंजाचं घ्यायचो. गोळी जिभेवर, पाणी तोंडात, आणि मनात एकच: पुंजा, तुझं थोबाड रंगवीन. मग घोट. तीन वर्षं एक दिवस चुकला नाय.

मी झुंबर, भद्रकालीतला. सावळीराम माझा मामा, त्याचा बँड, आणि त्यात मी क्लॅरोनेटवर पहिला. पहिला म्हणजे तुऱ्याची टोपी घालून पुढं चालणारा, गाणं उचलणारा. पुंजा दुसरा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, वाजवायचाही बरा, पण दुसरा. हे त्याच्या पोटात किती दुखत होतं ते मला कळलं नाय. मी तेव्हा बावीस वर्षांचा, अक्कल कुठून येणार!

ऐंशीच्या पावसाळ्यात माझं डोकं फिरलं होतं. झोप नाय, जेवण नाय. भिंत माझ्याशी बोलायची आणि मी भिंतीला शिव्या द्यायचो. माझी आई, मालनबाई, आधी अंगारे लावून थकली, मग दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, एक पिवळी, एक पांढरी. दीड महिन्यात भिंत गप्प झाली. खोटं कशाला बोलू, गुण आला. पण तोंड! अहो, तोंडात नुसती वाळू. क्लॅरोनेटला पातळ पत्ती असते, ती थुंकीनं ओली राहिली तर सूर, नायतर नुसतं फुर्रफुर्र. वर मी असा फुगलो की कोटाची बटणं लागेनात. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणले, पाणी पीत जा. आता नवरदेवापुढं चालताना काय कळशी काखेत धरू?

पुंजानं हे हेरलं. एक दिवस चहा पाजला, खांद्यावर हात टाकला. म्हणला, "झुंबर, तू आता ठणठणीत हायेस. बरं झाल्यावर कोण औषध घेतं का? सोड त्या गोळ्या. आईला बोलू नको. जिभेखाली धर आणि मोरीत थुंक."

सख्ख्या भावासारखा बोलला हो! मी सोडल्या. आठ दिवसांत तोंड ओलं झालं, पत्ती बोलायला लागली. मामा म्हणला, पोरगं माणसांत आलं. पंधराव्या दिवशी झोप गेली.

मग घोटीचं लग्न. चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, पुढं मी. आता बँडवाल्यांना छळायचा एक जुना चावटपणा हाय. वाजवणाऱ्यासमोर उभं राहून चिंच चोखायची. नुसतं बघून तोंडात पाणी भरतं, ओठ सुटतात, सूर फाटतो. गावातली वांड पोरं करतात. त्या दिवशी पुंजानं केलं. स्वतःची क्लॅरोनेट काखेत मारली, माझ्यापुढं उलटा चालत आला आणि चिंचेचं बुटुक, अख्खा गोळाच, चोखायला लागला, मिटक्या मारत, डोळा मारत. सूर फाटला. लोक हसले. आणि ते हसू थांबेचना. भिंतीतून, घोड्याच्या तोंडातून, सगळीकडून हसू. मी क्लॅरोनेट उचलली आणि ओट्यावर आपटली. मामाच्या बापाची क्लॅरोनेट, दोन तुकडे. पुढचं मला आठवत नाय. आमच्याच ढोलाच्या दोरीनं मला बांधून टेंपोत टाकलं, म्हणतात. आणि पुंजानं माझी टोपी धुळीतून उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि मिरवणूक पुढं नेली.

दवाखान्यातून घरी आलो तरी मी गोळी मोरीतच थुंकत होतो. मग आमचा ढोलवाला सहादू भेटायला आला. रडत म्हणला, "पुंजानं पैज मारली होती रे. म्हणला, गोळ्या सोडायला लावल्यात, महिन्यात येडा पहिल्या जागेवरून उठतो का नाय बघा."

वर्षात त्यानं मामाची निम्मी माणसं फोडली आणि स्वतःचा बँड काढला. आमच्याकडं कोणी लग्नाची सुपारी द्यायला निघालं की म्हणायचा, "येड्याचा बँड नेताय? नवरदेवाला चावंल."

सहादूनं सांगितलं त्या दिवसापासून आईनं गोळी काढायच्या आत मी तोंड उघडायला लागलो. तिला वाटलं, लेकाला शहाणपण आलं. शहाणपण कसलं, डूख धरला होता.

पण गोळी घेतली की तोंड सुकायचंच. मग काय करावं? मामानं एक जुनी क्लॅरोनेट आणून दिली, आणि ज्या चिंचेनं मला पाडलं तीच पुढ्यात घेऊन रोज आरशासमोर बसायला लागलो. पहिल्याच दिवशी चाट पडलो. बुटुक गालात धरलं, तर दुसऱ्याचं तोंड वाहिलं असतं, माझं नुसतं ओलं झालं. पत्तीला लागतं तेवढंच! गालात बुटुक धरून फुंकायला सहा महिने गेले. ओठ सोलले, दात आंबले, आई बोंबलायची. मी म्हणायचो, थांब गं, थांब.

चौऱ्यांशीच्या मे महिन्यात विंचूरला गाठ पडली. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं, दोन नवरदेव, आणि मारुतीच्या देवळापुढं दोन बँड समोरासमोर. अशा वेळी कोणी बाजूला होत नाय. आधी थांबला तो हरला, आणि ते पंचक्रोशीत वर्षभर गाजतं. समोर पुंजा, डोक्यावर माझी टोपी. मला बघून हसला, डोळ्यानं खुणावलं, तसा त्याचा झांजवाला माझ्या नाकासमोर येऊन चिंच चोखायला लागला.

चोख बाबा, चोख. मी वाजवतच राहिलो. मग सहादूनं ढोलावर लांबलचक तोडा धरला, तेवढ्यात मी खिशात हात घातला आणि लिंबाएवढं बुटुक काढलं. पुंजाच्या तोंडापुढं धरलं, चाटलं, मिटक्या मारल्या, गालात टाकलं आणि गाणं पुन्हा उचललं. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून. त्यानं मान वळवली, मी तिकडं गेलो. त्यानं डोळे मिटले, तर माझे ढोलवाले-ताशेवाले त्याच्या कानाशी मिटक्या मारायला लागले. पिशवीभर चिंच मी घरून आणली होती.

पुंजाच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायला लागली. हनुवटीवर लाळ आली. आणि मग प्याँऽऽ! कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसं. अख्खं विंचूर हसलं. हसा रे, हसा! घोटीपासून मी ह्याच हसण्याची वाट बघत होतो.

पुंजा तोंड पुसत म्हणला, "तुझ्या तोंडाला पाणी कसं सुटत नाय रे?"

मी खिशातली गोळी काढली आणि त्याच्यासमोर गिळली, बिनपाण्याची. म्हणलो, "तू सोड म्हणला होतास ना, म्हणून घेतो. रोज, तुझं नाव घेऊन." आणि त्याच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. कोणी आडवं आलं नाय.

त्या दिवाळीत पुंजानं क्लॅरोनेट सोडली आणि सटाण्याला एका कांदा व्यापाऱ्याकडं कामाला लागला. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं गोळी पुढं केली आणि माझा हात उठेना. मनात नाव घ्यायला गेलो तर नावात काही दमच उरला नव्हता. सूड झाला, मी ठणठणीत होतो. बरं झाल्यावर कोण औषध घेतं का? हे वाक्य माझं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं नाय.

आईनं हात मागं घेतला नाय. घोटीहून मला टेंपोतून उतरवलं तेव्हा दोरीच्या गाठी तिनंच दातानं सोडवल्या होत्या. आणि विंचूरला मी पुंजाला काय म्हणलो, तेही तिच्या कानावर आलं होतं.

"पुंजानं नवी क्लॅरोनेट घेतली म्हणे," ती म्हणाली. "गुपचूप सराव करतोय. सहादू सांगत होता."

सहादू आठ दिवस झाले, गावात नव्हता. माझ्या आईला धड खोटंसुद्धा बोलता येत नाय. गोळी अजून तिच्या तळहातावर होती.

मी गोळी उचलली.

"येऊ दे म्हणावं," म्हणलो, आणि गिळली.