देवराव सरांची सागवानी खुर्ची

मित्रांनो, देवराव सर विभागप्रमुख झाले असते तर त्यांना कॉलेजचं क्वार्टर मिळालं असतं, त्यांच्या बायकोला, शकुबाईंना, घरातला नळ मिळाला असता, आणि मला मिळाली असती सवत. मी त्यांची घरातली खुर्ची. सवत म्हणजे विभागप्रमुखाची गादीवाली, फिरती खुर्ची. मग सर दिवस मावळेपर्यंत तिच्यावरच बसणार! मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण जळायला पाहावं कुठे लागतं?

मला मूल गावच्या लटारू सुतारानं अठ्ठ्याहत्तर साली घडवलं. चंद्रपुरातल्या भाड्याच्या खोलीत आठ वर्षं माझ्यावर बसून सरांनी मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहिला. त्यासाठी एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे लॅटिनही शिकले. खुर्ची जरासुद्धा कुरकुरत नाही, असं आलेगेले म्हणत, आणि मी फुगत असे.

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि टेबलावर ही पुस्तकं, म्हणून शेजारच्या गिरजाबाई विचारत, "भाऊ, पाद्री होऊन राह्यले का?"

"नाई बाई. त्याईची भांडाची रीत शिकून राह्यलो."

वाद घालायची ती रीत अशी, की विरोधकाची बाजू आधी त्याच्याहून नीट मांडायची; मगच आपली.

शहाऐंशी साली विभागप्रमुखाची जागा निघाली. उमेदवार दोनच, सर आणि त्यांचे सहकारी हरिदास. सर मुलाखतीला निघाले तेव्हा मी मनात म्हटलं, हरू देत. हो, म्हटलं.

दुपारी ते परतले आणि माझ्यावर बसले. समितीनं प्रत्येकाला दहा मिनिटं दिली होती, या जागेला लायक कोण ते सांगायला. सरांनी रीतीप्रमाणे आधी हरिदासची बाजू घेतली. मुलं त्याच्या तासाला बसतात, त्याला कारभार कळतो, सगळं मुद्देसूद.

"अन् मंग तुमची बाजू?" शकुबाईंनी विचारलं.

"वेळ संपला."

"हरिदासभाऊ काय बोलले?"

"म्हणे, देवरावभाऊनं सांगतलं त्यात मले काही जोडाचं नाई."

शकुबाई सरांच्या हातातला रिकामा पेला घेऊन आत गेल्या. मी मात्र चारही पायांवर ताठ होते.

परवा माझा मागचा पाय हलला, तर सरांनी लगेच पाचर ठोकली. वस्तूंची निगा अशीच राखावी, मित्रांनो. पण आपलं सगळं मनासारखं झालं, की ते कोणाच्या वाट्यातून आलं, तेही पाहून घ्यावं. मी उशिरा पाहिलं.

हरिदासला पद मिळालं. मला सर मिळाले. सरांना रीत न मोडल्याचं समाधान मिळालं. आणि शकुबाई रोज पहाटे चौकातल्या नळावर रांगेत उभ्या असतात, कमरेवर हंडा घेऊन.