उलटी पुरलेली बाटली

लग्नात पाऊस पडू नये म्हणून अमेरिकेतल्या केंटकीत महिनाभर आधी लग्नाच्या जागी बर्बन व्हिस्कीची भरलेली बाटली उलटी पुरतात आणि लग्न लागलं की उकरून पितात. व्हर्ना आणि रॉस्कोनंही पुरली होती, रॉस्कोच्या शेतातल्या अक्रोडाखाली. व्हर्नाचे वडील वायली यांच्या हातची ती शेवटची व्हिस्की. पाऊस काही आला नाही. नवरदेवही आला नाही. तो बँकवाल्याच्या मुलीला घेऊन लुइव्हिलला पळाला होता.

व्हर्ना रडली नाही. तिनं डूख धरला.

पुढे ती कर्नल बेकलींच्या भट्टीत मुख्य चाखणारी झाली. रॉस्कोला मुलगी झाली तेव्हा तो निर्लज्ज व्हर्नालाच विचारायला आला, "ती बाटली उकरू का गं आता?"

"राहू दे की. पोरीच्या लग्नात काढ. जमिनीत चांगली मुरेल."

बाटलीत भरलेली बर्बन मुरत नाही आणि उलटी ठेवली तर बूच कुजतं, हे व्हर्नाइतकं कोणाला ठाऊक? पण गाढवानं सल्ला विचारला तो नेमका तिलाच.

आज त्या मुलीचं, एलायझाचं, त्याच अक्रोडाखाली लग्न लागलं. नवरा कर्नलांचा नातू. कर्नलांच्या व्हिस्कीच्या कोठारांचा कारभार आपल्या हाती यावा म्हणून रॉस्को वर्षभर त्यांच्या मागेपुढे करत होता. सगळ्यांसमोर त्यानं फावडं चालवलं आणि बाटली वर काढली.

"वायलींची शेवटची, कर्नल! खास तुमच्यासाठी जपली."

कर्नलांचे डोळे भरून आले. वायली त्यांचे जुने जोडीदार. "आधी व्हर्ना चाखेल," ते म्हणाले.

बुचाचा हातातच भुगा झाला. व्हर्नानं ओठ किंचित उघडे ठेवून ग्लास हुंगला. दोन थेंब तळहातावर चोळून पुन्हा हुंगले. एक घोट तोंडात घोळवला आणि गवतात थुंकला. इतकी वर्षं वाट पाहिलेला घोट तो, तिला घाई नव्हती.

"सांग ना," रॉस्को मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला.

"वास ओल्या पुठ्ठ्याचा. तोंडात आधी गोड, मग पोकळ, पुढे काहीच नाही. पेट्रोल पंपावरच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त व्हिस्की आहे, कर्नल. तीही बुचापायी नासलेली."

"खोटं बोलतेय! मी माझ्या हातानं पुरली होती!"

"पुरलीस तू. तू पळालास त्याच दिवशी मी उकरली. माझ्या बापाची व्हिस्की तुझ्या मातीत कशाला ठेवू? तशाच बाटलीत ही भरली आणि पुरली. तुझ्यासाठी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा कर्नल नव्हते ना समोर."

रॉस्कोचं तोंड पांढरंफटक पडलं. कर्नल त्याच्याकडे वळले. "काय रे, एक बाटली सांभाळता आली नाही आणि माझी कोठारं मागतोस होय?"

व्हर्नानं पिशवीतून वडिलांची बाटली काढली. इतकी वर्षं तिच्या कपाटात सरळ उभी असलेली. कर्नलांना ओतली, नवऱ्या मुलाला ओतली. एलायझा खाली मान घालून उभी होती, तिच्याही हातात ग्लास दिला. "तुझा काय दोष, पोरी? घे."

कर्नलांनी घोट घेतला, डोळे मिटले. "वायली," एवढंच ते म्हणाले.

सवयीनं रॉस्कोनंही ग्लास पुढे केला होता. व्हर्नानं तो पाहिला आणि तळहातानं बूच गच्च दाबून बसवलं.

"तुझी ती आहे की," ती मातीनं माखलेल्या बाटलीकडे बोट दाखवत म्हणाली.