चकत्यांनी जड झालेला डबा

मित्रांनो, पडदे शिवायच्या दुकानात, दोऱ्यांच्या रिळांशेजारी एक जुना पत्र्याचा डबा दिसला, तर तो मीच. माझ्या झाकणावर कधीकाळी एक हंस होता. आता त्याची मान तेवढी उरली आहे, बाकीचा रंग हात लागून लागून गेला.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, कडा दाबून मला घडवलं आणि माझ्यात बिस्किटं भरली. ज्या घरी मी गेलो तिथं ती चार दिवसांत संपली. मी भंगारातच जायचो, पण घरच्या तात्यांनी मला पिशवीत घालून दुकानात आणलं. तात्या पडदे बसवायचं काम करायचे. लाकडी घोडा, म्हणजे घडीची शिडी, खांद्यावर टाकून ते घरोघरी जायचे, भिंतीला भोकं पाडून दांड्या ठोकायचे आणि शिवलेले पडदे लटकवायचे. त्यांनीच माझ्या झाकणाला छिन्नीने फट पाडली. दुखलं, पण पुढे जे ऐकलं त्याने मी दुखणं विसरलो.

"आजपासून हा आपल्या तिघांचा डबा," तात्या म्हणाले. "दर शनिवारी पगार झाला की जमेल तेवढं टाकायचं. ज्याला अडचण येईल त्याने न्यायचं."

तिघांतल्या दुसऱ्या आक्का. कापड मापून बेतायचं काम त्यांचं. तिसरी छोटी. ती शिलाई करायची. नाव छोटी असलं तरी ती एका सात वर्षांच्या मुलीची आई होती.

आमच्याकडे एक रीत पडली होती. मला अधूनमधून उघडून कुणी मोजत नसे. मोजणं म्हणजे एकमेकांवर संशय घेणं, असं आक्कांना वाटे. त्या मला नुसतं उचलून पाहायच्या आणि म्हणायच्या, "बाळसं धरलंय गं डब्यानं." मग सगळे हसायचे. आक्कांच्या लेकीच्या बाळंतपणाला मी उपयोगी पडलो. छोटीचं मशीन बंद पडलं तेव्हाही पडलो. तात्यांनी मात्र कधी काही नेलं नाही. "मला काय कमी आहे?" ते म्हणायचे, "मी दिलदार माणूस." मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

एका दुपारी दोघी मागच्या नळावर हात धुवायला गेल्या होत्या. तात्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर माझ्या झाकणाखाली घातला, दोन नोटा काढल्या आणि हळूच म्हणाले, "शनिवारी टाकतो हं." मी विश्वास ठेवला. डब्याशी कोण कशाला खोटं बोलेल?

शनिवार आला. तात्यांनी एकच नाणं टाकलं, तेही चांगलं वाजवून. पुढच्या आठवड्यात झाकण पुन्हा उघडलं. मग पुन्हा. मी हलका होत गेलो. आक्कांच्या हाताला ते कळणारच होतं.

मित्रांनो, पडदा सरळ पडावा, वाऱ्याने उडू नये, म्हणून त्याच्या खालच्या दुमडीच्या कोपऱ्यांत लोखंडाच्या गोल चकत्या शिवतात. अगदी नाण्याएवढ्या. छोटी प्रत्येक चकती अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून निळ्या दोऱ्याने शिवायची, म्हणजे गंजाचा डाग पडद्यावर येत नाही. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. कशाचा डाग कशाला लागेल, याचा विचार तिच्या डोक्यात सतत चालू असायचा.

पडदे बसवायला गेल्यावर तात्या ते कोपरे उसवायचे, चकत्या काढायचे, त्यांचं कापड फाडून फेकायचे आणि दुपारी गुपचूप माझ्या तळाशी आणून टाकायचे.

"बाळसं धरलंय," आक्का म्हणाल्या. त्या दिवशी मला बोलता यायला हवं होतं.

त्याच सुमारास छोटीची मुलगी शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसू लागली. रीळ नाकाला टेकवून ती त्यावरचं नाव वाचायची. छोटी तिला रोज दाराशी उभी करून लांबून बोटं दाखवायची, "किती?" मुलगी डोळे बारीक करून अंदाजाने सांगायची, "तीन." बोटं दोन असायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर लिहून दिला होता. पंधरा दिवसांवर परीक्षा होती, आणि गणितं फळ्यावरून उतरवून घ्यायची होती. छोटीने आक्कांना आणि तात्यांना सांगितलं, "या शनिवारी डबा मला लागेल." तात्या म्हणाले, "अगं, विचारतेस काय, तुझाच आहे." आणि घोडा घेऊन बाहेर पडले.

शुक्रवारी दवाखान्यातून पडदे परत आले. पंखा लावला की ते थेट पेशंटच्या तोंडावर जायचे. दुकानाच्या मालकांनी ते छोटीसमोर टेबलावर टाकले.

"कोपरे उघडे, चकत्या गायब. हे काय काम झालं?"

"मी घातल्या होत्या," छोटी म्हणाली. "टाके पक्के होते."

"मग काय, पाय फुटले त्यांना?"

आठवड्याची निम्मी मजुरी कापली गेली. तात्या तिथंच उभे होते. सुतळीची गुंडाळी करत होते. गुंडाळी केव्हाच झाली होती, तरी करत होते.

आता चष्म्यासाठी फक्त मीच उरलो होतो.

शनिवारी आक्कांनी कापायच्या टेबलावर माझं झाकण उघडलं. वर तीन नोटा आणि मूठभर नाणी. त्याखाली नुसतं लोखंड. आक्कांनी मला टेबलावर उपडं केलं. छोटी एकेक चकती बाजूला काढत गेली. एका चकतीला अस्तराची चिंधी तशीच राहिली होती. तिच्यावर निळा दोरा होता.

"मालकांना हाक मारते," आक्का म्हणाल्या.

"थांबा. आधी मला विचारू द्या."

तात्या आत आले, घोडा भिंतीला टेकवला आणि टेबलाकडे पाहिलं.

"तात्या, माझ्या चकत्या डब्यात कशा आल्या?"

"उंदरांनी आणल्या असतील," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. ते घोड्याच्या खालच्या पायरीवर बसले. गुडघा दाबत म्हणाले, "गुडघा गेलाय माझा. दिवसाला चार घरं व्हायची, आता दोन होत नाहीत, तेवढी मजुरी कमी. घरी सांगितलं नाही. पगार तेवढाच नेऊन देत होतो. परत टाकणार होतो गं, छोटे. शप्पथ."

"अहो, मग मागायचं होतंत," आक्का म्हणाल्या. "डबा तुम्हीच आणलात ना?"

"देणारा म्हणून नाव झालं होतं. मागायची लाज वाटली."

छोटीचा आवाज चढला नाही. तिने हातातली चकती टेबलावर ठेवली. "गुडघ्याचं मला वाईट वाटतं, तात्या. पैशांचंही मी एक वेळ समजून घेईन. पण मालक मला बोलत होते तेव्हा तुम्ही तिथं उभे होतात. माझ्या मुलीला फळा दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

छोटीने मालकांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"मालकांना मी सांगणार नाही. तुम्ही जाऊन सांगा. आत्ता. आणि डब्यातलं दर शनिवारी थोडं थोडं भरा, आमच्यासमोर."

तात्या लंगडत मालकांच्या खोलीत गेले. छोटीची मजुरी परत मिळाली, ती तात्यांच्या पगारातून वळती झाली. मालकांनी त्यांना कामावर ठेवलं, पण घोड्यावरून उतरवून मापं घेण्याच्या कामाला लावलं. मजुरी आणि माझ्यातल्या तीन नोटा नि मूठभर नाणी मिळून चष्म्याचे निम्मेच पैसे झाले. चष्मा यायला तीन आठवडे लागले. परीक्षा तोवर होऊन गेली होती. मुलीने सहाचे आठ आणि तीनचे पाच वाचून गणितं सोडवली होती. सोडवली बरोबर, पण उतरवलीच चुकीची. छोटीने तो पेपर घडी घालून पर्समध्ये ठेवला. तात्यांना दाखवला नाही.

आता दर शनिवारी मला टेबलावर रिकामं करतात आणि तिघं मिळून मोजतात. सुरुवातीला सगळ्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. आता गप्पा मारत मोजतात. तात्यांनी घेतलेलं सगळं भरायला आठ महिने लागले. त्यानंतरच्या एका शनिवारी ते खाली बघत म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन आहे. या वेळी मला लागतील."

आक्कांनी लगेच मान हलवली. छोटीने नोटा दोनदा मोजल्या, त्यांच्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "मोजून घ्या, तात्या." त्यांनी तिच्यासमोर मोजून घेतल्या.

मित्रांनो, सहलीसाठी, खेळाच्या सामानासाठी तुम्हीही वर्गात पैसे जमा करत असाल. ते ज्यात ठेवाल त्याचं झाकण अधूनमधून सगळ्यांसमोर उघडा. त्यात कुणाचा अपमान नाही. आणि कधी तुमच्यावरच वेळ आली, तर सरळ मागा. झाकणाखाली स्क्रूड्रायव्हर जाताना डब्याला फार दुखतं. मागून घेतलेल्या पैशांनी तो रिकामा झाला, तर काहीच दुखत नाही.