तोंडाचा वास

वच्छलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढं गेलं, ते साखरेपायी. अकोल्याच्या डॉक्टरांची अट एकच होती: तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या खाली आणा, मग तारीख घ्या. पहिल्यांदा ती आली साडेनऊ, दुसऱ्यांदा दहा.

"गोळ्या चालू, गोड बंद, मंग वाढते कशी?" त्यांच्या मुलानं, मनोजनं बायकोला विचारलं. "तू घरीच असतं ना? लक्ष ठेव जरा."

वर्षालीनं लक्ष ठेवलं. कडेवर आठ महिन्यांची लेक, चुलीवर दूध, तरी सासूच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून होती. गुळाचा डबा तिनं वरच्या फळीवर चढवला, दुखऱ्या गुडघ्यांची बाई पोचणार नाही इतका वर. भात बंद केला. दोन भाकरींची एक केली. आणि रोज संध्याकाळी लेकीला पाजून झालं, की सासूसमोर उभी राहायची.

"आई, आ करा."

चांदूर बाजारात तीस वर्षं भाजीच्या दुकानावर बसून भल्याभल्या गिऱ्हाइकांना एका शब्दात गार केलेली ही बाई, सुनेपुढं डोळे मिटून तोंड उघडायची. वर्षाली वाकून हुंगायची. वास यायचाच. गोडसर, आंबूस, नासक्या संत्र्यासारखा.

"काय खाल्लं?"

"काईच नाई वो बाई."

"मंग वास काय हवेतून आला?"

शेजारच्या गोदाबाई विरजण मागायला आल्या, की दारातूनच विचारायच्या, "काय वच्छले, घरात पोलीस चौकी लागली काय? संत्र्याच्या मळ्यात वाढलेली तू, तुयं गोड सुटन कसं?"

वच्छलाबाई हसायच्या, पण ओठ मिटून.

भाकरी त्या वरणात भिजवायच्या, लगदा करायच्या आणि तोंडाच्या एकाच बाजूनं हळूहळू गिळायच्या. वर्षालीला ते चोचले वाटत. "पोरीले दात नाई म्हणून कुस्करून देते. तुमालेबी तसंच पायजे काय?" ती एकदा म्हणाली. त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात राहिली, आणि वर्षालीची खात्रीच पटली. म्हातारी बाहेर पोट भरून येते.

तिसऱ्यांदा दोघी अकोल्याला गेल्या तेव्हा वच्छलाबाईंचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं. साखर साडेदहा.

या खेपेला नीलम नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दुसरा कागद पुढं केला. "ही तपासणी सुजेची. अंगात कुठं पू धरला, की हा आकडा चढतो. पाचच्या आत हवा, आजींचा अडतीस आहे. अशी सूज असली, की माणूस उपाशी राहिलं तरी साखर उतरत नाही. आजी, गुडघ्याशिवाय कुठं दुखतं?"

वच्छलाबाईंनी आधी सुनेकडं पाहिलं. मग डोळे मिटून आ केला.

डॉक्टरांनी टॉर्च लावला. मागच्या हिरड्या सुजून काळ्यानिळ्या झाल्या होत्या. बोट लावताच पू आला. नऊ दात हलत होते.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आधी हे दात काढू. जखम भरू दे, साखर उतरू दे. गुडघ्याचं पुढच्या वर्षी बघू."

बाहेरच्या बाकावर वर्षालीनं लेकीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "आई, सांगितलं काहून नाई?"

"तू रोज हुंगत होती, बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मले वाटलं, तुले समजलं असन."

तेवढ्यात मनोजचा फोन आला. "मंग? काय खात होती बुढी?"

आई काहीच खात नव्हत्या, एवढंच वर्षालीला सांगायचं होतं. पण ते सांगितलं, की सहा किलो कुठं गेले तेही सांगावं लागलं असतं.

"दाताचं काईतरी निघालं," ती म्हणाली. "घरी येऊन बोलू."

"बरं. पण गोडावर लक्ष ठेव तिच्या."

"हो."

वच्छलाबाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी पदर ओठांवर ओढून घेतला आणि त्या बाकाच्या पलीकडच्या टोकाला सरकून बसल्या.