क्रोमियमचा शाफ्ट

भुपेंद्र दिवाळीला मुंबईहून गावाकडे, गोरेगावात आला की मनिरामच्या पोटात दुखायला लागायचं. सख्खा पुतण्या. त्याच्या हातात वेल्डिंगचा होल्डर पहिल्यांदा दिला तो मनिरामनेच, आणि आज पोरगा मुंबईच्या गोदीत पाणबुड्यांचे जोड मारतो. काका मात्र अजून ट्रॉल्या आणि गेटंच जोडतोय. यंदाही बाजाराच्या दिवशी काकाच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे लोक जमले ते भुपेंद्रभोवती. समुद्राचा दाब पेलणाऱ्या त्या पोलादात क्रोमियम असतं, निकेल असतं. जोडण्याआधी ते तापवावं लागतं, वेल्डिंगच्या कांड्यासुद्धा भट्टीत कोरड्या ठेवाव्या लागतात, असं तो सांगत होता आणि लोक आ वासून ऐकत होते. मनिरामच्या बायकोने, वच्छलाने, चहासुद्धा आधी त्यालाच दिला.

ऐन धानाच्या हंगामात टिकारामच्या राइस मिलचा शाफ्ट तुटला. टिकाराम मनिरामचं जुनं गिऱ्हाईक, पण शाफ्ट दुकानात ठेवून त्याने विचारलं भुपेंद्रला. भुपेंद्रने तुकडा ग्राइंडरवर घासून ठिणग्या निरखल्या.

"काका, यातबी क्रोमियम दिसते. पहिले तापवा, मंग जोडा, अन् राखेत दाबून हळूहळू थंडा होऊ द्या. नाही तं तडकते."

मनिराम जळून कोळसा झाला. ज्याला आपण शिकवलं तो आपल्याला शिकवणार, आणि तेही गिऱ्हाइकासमोर? सगळे गेल्यावर त्याने शाफ्ट मुद्दाम थंडाच जोडला. जोड असा देखणा उतरला की पाणबुडीवाल्याने येऊन पाहावं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मिल सुरू झाली आणि शाफ्ट जोडाला लागूनच तडकला. टिकाराम तुकडे घेऊन तणतणत आला. आता गावात आपल्या हाताला कोणी विचारणार नाही, हे मनिरामला कळून चुकलं.

भुपेंद्रने एकवार काकाकडे पाहिलं. "चूक माही हाये," तो टिकारामला म्हणाला. "तुमी गेल्यावर मीच काकाले म्हणलो, राहू द्या, तापवाची गरज नाही."

टिकारामचा राग उतरला. पोर आहे, चुकतं कधी, म्हणत त्याने तुकडे पुन्हा मनिरामपुढे ठेवले. नाव वाचलं होतं. मनिरामने फक्त गप्प बसायचं होतं. पण भुपेंद्रचा पगार त्याने सोसला होता, पाणबुडी सोसली होती. हा मोठेपणा काही सोसवेना. हेही त्यालाच मिळावं?

"खोटं बोलून राहिला तो," मनिराम खेकसला. "मीच आयकलो नाही."

टिकारामने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तुकडे उचलून भुपेंद्रच्या हातात दिले.