दोन नंबरचा डबा

माजलगावात मोंढ्याच्या मागच्या गल्लीत 'शिवकृपा' नावाची दोन घरं होती. शेजारी-शेजारी, मधे एक भिंत, आणि दोन्ही दारांवर तीच पाटी. बसवेश्वरअप्पा लिंगैक्य झाले, दोघा मुलांत वाटण्या झाल्या, तेव्हा दुकान, शेत, तांब्या-पितळेची भांडी सगळं गोडीगुलाबीनं वाटलं गेलं. घोडं अडलं ते घराच्या नावावर. थोरले मन्मथ म्हणाले, नाव मोठ्याकडं राहतं. धाकटे सिद्धाराम म्हणाले, पाटी मी रंगवून आणली होती. शेवटी दोघांनी तेच नाव लावलं आणि एकमेकांशी बोलणं टाकलं. त्याला आता सहा वर्षं होत आली होती. पोस्टमन धुळाजी बिचारा एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकायचा आणि दोन्हीकडची बोलणी खायचा.

बाया मात्र बोलत होत्या बरं का. मन्मथची शांतादेवी आणि सिद्धारामची साखराबाई भिंतीवरून भाजीच्या वाट्या द्यायच्या-घ्यायच्या. आणि मन्मथची लेक रुद्राणी तर दोन्ही घरांत हक्कानं फिरायची. काकाचा तिच्यावर लई जीव.

२००७ साल. मन्मथअण्णांनी रुद्राणीसाठी कॉम्प्युटर घेतला आणि फोनच्या तारेवर इंटरनेटचा डबा बसवून घेतला. आठ दिवसांच्या आत सिद्धारामकाकांनीही केबलवाल्या सुग्रीवकडून इंटरनेट घेतलं. त्यांच्या घरात कॉम्प्युटर नव्हता, पण इंटरनेट होतं! टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर तसाच डबा, आणि डब्यावर लुकलुकणारे हिरवे दिवे. आल्यागेल्याला काका ते दिवे दाखवायचे. दादाच्या घरात आहे ते आपल्याही घरात आहे, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

आता रुद्राणीचं काय चाललं होतं ते सांगतो. हैदराबादच्या एका कंपनीत घरबसल्या काम होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलतात ते कानाला लावून ऐकायचं आणि टाईप करून पाठवायचं. पोरगी बीएस्सी झालेली, इंग्रजी फर्डं. अण्णांनी आधीच बजावून ठेवलं होतं की घरात बसून काय करायचं ते कर, गाव सोडून नोकरीला पाठवणार नाही. म्हणजे हे काम मिळालं तर मिळालं, नाहीतर पदवी फ्रेम करून देवघराशेजारी टांगायची. कंपनीनं सोमवारी सकाळी परीक्षा ठेवली होती. तीन तास सलग काम, आणि लाईन तुटली की विषय संपला. दुसरी संधी नाही.

आणि लाईन तर तुटणारच होती. अण्णांच्या इंटरनेटची खोड अशी की फोन वाजला की ते जायचं. बाहेर खांबावर कुठंतरी सांधा कच्चा होता. तक्रार करून जीभ झिजली. सुग्रीवचं इंटरनेट फोनला भीत नव्हतं, पण त्याचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिकडं लोडशेडिंग आलं की याचे दिवे मालवायचे. घरात इन्व्हर्टर होता, सुग्रीवकडं नव्हता. रुद्राणीनं डोकं लढवलं: दोन्ही तारा एकाच कॉम्प्युटरला जोडायच्या. एक रुसली तर दुसरी चालेल.

काकांना विचारलं तर ते खूश. "घे की बाई, मपल्याच घरचं हाय," म्हणाले, आणि भिंतीवरून तार इकडं सोडताना स्वतः स्टुलावर चढले. अण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

शनिवारी तिनं दोन्ही तारा खोचल्या आणि काय, जे आधी चालत होतं तेही बंद! एक काढली की दुसरी चालायची, दोन्ही लावल्या की दोन्ही ठप्प. शांतादेवी मागं उभी राहून बघत होती. ती म्हणाली, दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय.

रुद्राणी हसली नाही. तिनं दोन्ही डब्यांचे पत्ते काढून बघितले, कारण अशा प्रत्येक डब्याला आकड्यांचा पत्ता असतो. बघते तर दोन्हींचा पत्ता तोच! शेवटच्या ठिपक्याआधीचा आकडा इकडंही एक, तिकडंही एक. कॉम्प्युटर धुळाजीसारखा दोन सारख्या पाट्यांमधे उभा होता आणि कुठल्या दारात जायचं ते त्याला कळत नव्हतं. आता तिला हसू आलं. उपाय सोपा होता, एका डब्याचा आकडा बदलून दोन करायचा.

गुपचूप बदलला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पोरगी सरळ, तिनं विचारलं. विचारलं तिथंच चुकलं. मन्मथअण्णा म्हणाले, फोन अप्पांच्या नावचा, थोरल्या घरातला, त्यानं दोन कावून व्हायचं? वर स्वतःची शपथ घातली. सिद्धारामकाका तर खुर्चीतून उठलेच.

"उभ्या माजलगावात मी कधी दोन नंबरचा धंदा केला न्हाई," ते म्हणाले. "आन आता घरात दोन नंबरचा डबा ठिवू?"

आता काय म्हणावं या माणसांना! तीन करू, सात करू, म्हणून तिनं विनवलं, तर काकांना तेही अपमानाचं वाटलं. जो बदलला तो वाकला, एवढंच दोघांना दिसत होतं. त्या रात्री रुद्राणी जेवली नाही. शांतादेवीनं ताट झाकून ठेवलं आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं पुन्हा तीच म्हण म्हटली.

रविवारी संध्याकाळी मन्मथअण्णा दुकानातून आले, चप्पल काढली आणि भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोकडं बघत म्हणाले, "कर आपला दोन. शपथ सुटली."

रुद्राणीनं उडीच मारली. दोन मिनिटांत आकडा बदलला. काकांची तार पहिली, ती मेली तर अण्णांची, असा क्रम लावून दिला. एक तार उपसून बघितली, दुसरी उपसून बघितली, सगळं लोण्यासारखं चाललं. ती पोटभर जेवली आणि निवांत झोपली.

सोमवारी सकाळी देवाला नमस्कार करून कॉम्प्युटरसमोर बसली. परीक्षेला अर्धा तास होता. आणि दोन्ही ठप्प. अगदी शनिवारसारखं. तारा काढल्या, फुंकल्या, परत लावल्या. मग पत्ते बघितले. अण्णांचा दोन. काकांचाही दोन.

ती तशीच अंगणात धावली आणि भिंतीवरून काकांना हाक मारली. काका डाळिंबाला पाणी घालत होते. तुमी डब्याचा नंबर बदलला का, असं तिनं विचारलं.

"बदलला की," काका मोठ्या खुशीत म्हणाले. सुग्रीवनं सकाळीच डबा काखोटीला मारून ऑफिसात नेला होता आणि दोन करून आणून बसवला होता. "तू परवा जेवली न्हाईस म्हणली तुझी काकू. नंबरचं काय घिऊन बसायचं. आन एक दादाचाच पाहिजे."

इकडं मन्मथअण्णा तोंडाला साबण लावून दाढी करत होते. वस्तरा तसाच हातात धरून ते भिंतीशी आले. सहा वर्षांत त्या भिंतीशी ते पहिल्यांदा उभे राहिले असतील.

"सिद्धा," ते म्हणाले, "दोन तर मी झालो बे."

काकांच्या हातातली झारी तशीच सांडत राहिली. "तुमी असताना मी एक कसा व्हईन, दादा?"

झालं! आता उलटं भांडण सुरू. हे म्हणे दोन मी, ते म्हणे दोन मी. आधी दोघांना एक व्हायचं होतं, आता दोघांना दोन. डाळिंबाचं आळं भरून पाणी बाहेर वाहायला लागलं, अण्णांच्या गालावरचा साबण वाळला, आणि घड्याळ तर कुणासाठी थांबत नाही. रुद्राणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ओरडली, "अवं, कुणीतरी एक व्हा की!"

शांतादेवीनं पदर तोंडाला लावला, भिंतीपलीकडं साखराबाईनंही लावला. आपण काय बोललो ते रुद्राणीला नंतर कळलं.

"तुमी एक व्हा, दादा," सिद्धारामकाका हळूच म्हणाले. अण्णांनी मान हलवली आणि रुद्राणी आत पळाली.

आकडा बदलला, आणि परीक्षा सुरू झाली तेव्हा ती कानाला यंत्र लावून बसलेली होती. अमेरिकेतला कुणी डॉक्टर कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल भराभरा बोलत होता. पहिले दोन तास काकांच्या तारेवर मजेत गेले. मग सुग्रीवच्या बाजूची लाईट गेली, काकांच्या टीव्हीवरचे दिवे मालवले. कॉम्प्युटर क्षणभर अडखळला आणि अण्णांच्या तारेवर आला. पण आता फोन वाजला की खेळ संपला, आणि सकाळच्या त्या वेळेला दुकानाचे फोन हमखास यायचे.

मन्मथअण्णांनी उठून रिसीव्हर उचलला, म्हणजे लाईन बिझी लागेल आणि फोन वाजणारच नाही, आणि तो कानाला लावून बसून राहिले. नुसता बाजूला ठेवला असता तरी चाललं असतं. पण कुणी सवयीनं परत जागेवर ठेवील, याची त्यांना भीती वाटली.

आपले दिवे गेले म्हणून घाबरून सिद्धारामकाका आले. भिंतीवरून नाही, पुढच्या दारानं, पाटीखालून. दादा फोनवर दिसले म्हणून ते खालच्या आवाजात म्हणाले, "कुणाशी बोलायलाव?"

"कुणाशी न्हाई. पोरीसाठी धरून बसलोय."

काका शेजारी बसले. थोडा वेळ दोघंही रुद्राणीच्या पाठीकडं बघत राहिले.

"मंग माझ्याशी बोला की," सिद्धारामकाका म्हणाले.

तीन तास संपले. हैदराबादच्या कंपनीतल्या बाईनं यंत्रातून सांगितलं की काम पसंत आहे, एक तारखेपासून सुरू करा. रुद्राणीनं यंत्र काढलं आणि ओरडून सांगायला वळली. अण्णांच्या कानाला रिसीव्हर तसाच होता आणि अप्पांच्या आजारपणातलं काहीतरी ते धाकट्या भावाला सांगत होते. काका गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. तिनं तोंड उघडलं, परत मिटलं, आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघत खुर्चीतच बसून राहिली.